कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी व पर्वतीय प्रदेशांतील वादळी वारे

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी व पर्वतीय प्रदेशांतील वादळी वारे म्हणजे पॅसिफिक महासागरावरून पूर्वेकडे सरकणारी वादळप्रणाली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यावरून अथवा त्याच्या उत्तरेकडून जात असताना त्या राज्याच्या दक्षिण व पूर्व भागांतील डोंगर, खिंडी आणि त्यांपलीकडील वाळवंटे यांत वाहणारे जोरदार वारे होत. हे वारे प्रामुख्याने हिवाळा व वसंत ऋतू यांत वाहतात. किनाऱ्यावर त्याच वादळाचा पाऊस पडतो, डोंगरमाथ्यावर हिम पडते. वाळवंटाच्या वाट्याला मात्र बहुधा केवळ वारा येतो. आकाश निळे आहे, ढग दूर डोंगराच्या कडेला थबकलेले आहेत आणि तरीही महामार्गावरील मालमोटारी उलटत आहेत, असे दृश्य तेथे दिसते. वादळाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर असतानाही त्याचा वारा वाळवंटात सर्वांत जोमाने का वाहतो, याचे उत्तर तेथील भूरचनेत आणि वायुदाबाच्या वाटणीत आहे.

== भूरचना ==

दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारी पट्टा आणि अंतर्भागातील वाळवंट यांच्या मध्ये उंच पर्वतरांगांची जवळजवळ सलग भिंत आहे. लॉस अँजेलिसच्या उत्तरेस सॅन गॅब्रिएल, तिच्या पूर्वेस सॅन बर्नार्डिनो आणि तेथून दक्षिणेस सॅन हसिंटो या त्यांतील प्रमुख रांगा होत. या भिंतीपलीकडे उत्तरेस मोहावे वाळवंट व त्याचा पश्चिम कोपरा असलेले अँटलोप खोरे, तर आग्नेयेस कोचेला खोरे पसरले आहे. राज्याच्या पूर्व कडेने सिएरा नेवाडा ही रांग उत्तर-दक्षिण गेलेली असून तिच्या पायथ्याशी ओवेन्स खोरे आहे.

समुद्रावरून येणारी आर्द्र हवा या रांगा चढताना थंड होते, तिच्यातील बाष्प पाऊस व हिम यांच्या रूपाने पश्चिम उतारावरच गळून पडते आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाई-फलटणकडे जाताना विरळ होत जातो, त्याच पर्जन्यछायेचा हा अधिक तीव्र प्रकार आहे. कोचेला खोऱ्यातील पाम स्प्रिंग्ज या शहरी वर्षभरात सरासरी १२ सें.मी.च्या आसपासच पाऊस पडतो. पर्वत पाऊस अडवतात. वारा मात्र त्यांना अडवता येत नाही. किंबहुना काही ठिकाणी ते त्याला अधिक वेग देतात.

== कारणे ==

या वाऱ्यांचे मूळ कारण वायुदाबातील फरक हे आहे. वातावरणाच्या वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा जेट प्रवाह सरळ रेषेत न वाहता नागमोडी वाहतो. त्याच्या दक्षिणेकडे झुकलेल्या वळणाला न्यूनदाबाची द्रोणी म्हणतात. अशी द्रोणी किनाऱ्याजवळ येते तेव्हा तिच्याबरोबर थंड, जड सागरी हवा येते. पर्वतांच्या पश्चिमेस वायुदाब वाढू लागतो. पूर्वेस तापलेल्या वाळवंटावर तो आधीच कमी असतो, आणि अंतर्भागात सरकणाऱ्या न्यूनदाब केंद्रामुळे आणखी घटतो. परिणामी हवा समुद्राकडून वाळवंटाकडे ढकलली जाते.

हवामानतज्ज्ञ हा फरक प्रत्यक्ष मोजतात. लॉस अँजेलिसचा विमानतळ आणि मोहावे वाळवंटातील डॅगेट या दोन ठिकाणच्या, समुद्रसपाटीस रूपांतरित केलेल्या वायुदाबांतील अंतर हे त्यांचे नेहमीचे मापन आहे. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल असतो. या दोन ठिकाणांत आठ-दहा हेक्टोपास्कलांचे अंतर पडले, म्हणजे एकूण दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी, तरी खिंडींमध्ये माणसाला उभे राहणे कठीण करणारा वारा सुटतो.

दुसरे कारण वरच्या थरांतील वाऱ्याचे. द्रोणी जवळ येताना पर्वतशिखरांच्या पातळीवरील वारेही जोर धरतात. रांगेला साधारण काटकोनात येणारी ही हवा माथा ओलांडून पलीकडच्या उतारावरून खाली घसरते. माथ्याच्या थोडे वर हवेचा स्थिर थर असेल, म्हणजे खाली थंड व वर उबदार अशी उलटी मांडणी असेल, तर तो थर झाकणासारखे काम करतो. वर जाण्यास वाव न मिळाल्याने हवा उतारावर वेगाने खाली येते.

वादळाच्या प्रवासाबरोबर वाऱ्याची दिशा बदलते आणि त्या क्रमावरून वादळ कोठवर आले हे सांगता येते. शीत सीमापृष्ठ, म्हणजे थंड हवेची आघाडी, येण्यापूर्वी वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. ती गेल्यावर तो पश्चिम व वायव्येकडे वळतो. यामुळे एकाच वादळात निरनिराळ्या ठिकाणांची पाळी निरनिराळ्या वेळी येते. आघाडीपूर्वी डोंगरमाथे व पूर्वेकडील उतार झोडपले जातात. आघाडीनंतर लॉस अँजेलिसच्या उत्तरेकडील तेजोन खिंड, अँटलोप खोरे व कोचेला खोऱ्याचे मुख यांना तडाखा बसतो. पाऊस थांबला म्हणजे वादळ संपले, हा किनाऱ्यावरच्या माणसाचा समज वाळवंटाच्या वाटेवर त्याला महागात पडतो तो यामुळेच.

== सॅन गॉर्गोनिओ खिंड ==

या वाऱ्यांचे सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे सॅन गॉर्गोनिओ खिंड. तिच्या उत्तरेस ३,५०६ मीटर उंचीचे सॅन गॉर्गोनिओ शिखर, तर दक्षिणेस ३,३०२ मीटर उंचीचे सॅन हसिंटो शिखर आहे. या दोहोंमधील खिंडीचा सर्वोच्च भाग मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटरांवर आहे. पश्चिमेस बोमाँट व बॅनिंग ही गावे, मध्ये कॅबझॉन आणि पूर्व तोंडाशी व्हाइटवॉटर नदीचे कोरडे पात्र असा तिचा विस्तार आहे. तेथून कोचेला खोरे उतरत जाऊन सॉल्टन समुद्राजवळ समुद्रसपाटीच्याही खाली जाते.

खिंड नरसाळ्यासारखी अरुंद आहे म्हणून तीत वारा जोराने वाहतो, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. केवळ अरुंदपणा हेच कारण असते, तर वारा खिंडीच्या सर्वांत चिंचोळ्या भागात सर्वाधिक वेगवान असता. प्रत्यक्षात तो पूर्वेच्या तोंडाशी, खिंड रुंदावून उतरू लागते तेथे, सर्वांत जोरदार असतो. पश्चिमेकडे साचलेली थंड सागरी हवा बंधाऱ्यावरून पाणी सांडावे तशी खिंडीवरून सांडते. उतरताना तिचा थर पातळ होत जातो आणि वेग वाढत जातो. खिंडीच्या दोन तोंडांमधील दाबाचा फरक तिला सर्व वाटभर ढकलत असतोच. केरळ-तमिळनाडू सीमेवरील पालघाट खिंडीतून नैर्ऋत्य मोसमी वारे कोइमतूरकडे घुसतात, ते याच जातीचे वारे होत.

याच कारणाने पाम स्प्रिंग्ज शहरातही वाऱ्याची वाटणी विषम आहे. सॅन हसिंटोच्या कुशीत वसलेला शहराचा जुना भाग पश्चिमेच्या वाऱ्यापासून बराचसा सुरक्षित असतो, तर काही किलोमीटर उत्तरेस, व्हाइटवॉटरच्या पात्रालगत, वाळूचे लोट वाहत असतात. हे पात्र ओलांडून शहराकडे येणारे रस्ते वाळूमुळे काही दिसेनासे झाल्याने वरचेवर बंद करावे लागतात.

वारा येथे नुसता वाहत नाही, तो घासतोही. खिंडीच्या पूर्वेकडील गार्नेट टेकडीवरील खडकांवर वाळूच्या माऱ्याने खाचा व चकचकीत पैलू पडलेले आहेत. अशा दगडांना वातघृष्ट म्हणतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे भूवैज्ञानिक रॉबर्ट शार्प यांनी या टेकडीजवळ विटा, दांडे व ठोकळे रोवून वाळूने होणारी झीज अनेक वर्षे मोजली आणि तिचे निष्कर्ष १९६४ साली प्रसिद्ध केले. झीज जमिनीलगत नव्हे, तर सुमारे वीतभर उंचीवर सर्वाधिक होते, असे त्यांना आढळले. जमिनीलगत कण पुष्कळ असले तरी ते संथ असतात. उंचावर वेग असतो, पण कण विरळ होतात. या दोहोंचा मेळ वीतभर उंचीवर बसतो.

या खिंडीतून १८७० च्या दशकात सदर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग गेला. रुळांवर चढणारी वाळू थोपवण्यासाठी मार्गालगत झाऊच्या झाडांच्या रांगा लावण्यात आल्या. त्यांतील काही आजही उभ्या आहेत. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून येथे पवनचक्क्या उभारल्या जाऊ लागल्या. तेहाचपी व आल्टमाँट या खिंडींसह हे ठिकाण अमेरिकेतील व्यापारी पवनऊर्जेचे आरंभस्थान मानले जाते. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. म्हणून अशा खिंडीचे मोल मोठे. मात्र वादळाचा ऐन जोर वीजनिर्मितीच्या कामी येत नाही. वारा ताशी ९० किलोमीटरांच्या आसपास पोहोचला की बहुतेक पवनचक्क्या स्वसंरक्षणार्थ थांबवाव्या लागतात.

वाळू वाहून नेणारा हा वारा एका जीवजातीच्या अस्तित्वाचा आधारही आहे. केवळ कोचेला खोऱ्यात आढळणारा एक सरडा बोटांवरील झालरीसारख्या खवल्यांच्या साहाय्याने सैल वाळूवर धावतो आणि संकट दिसताच वाळूत बुडी मारतो. १९८० मध्ये अमेरिकेच्या केंद्र शासनाने त्याची नोंद संकटग्रस्त जातींत केली, आणि १९८६ मध्ये त्याच्यासाठी थाउजंड पाम्स येथे राखीव क्षेत्र स्थापन झाले. पुढील अभ्यासात असे ध्यानात आले की टेकड्या राखल्या तरी पुरेसे नाही. पावसाळी वादळातील पुराने डोंगरातून गाळ खाली आणायचा आणि कोरड्या वादळाने त्यातील बारीक वाळू निवडून टेकड्यांवर टाकायची, असा हा दुहेरी क्रम आहे. वाटेत घरे, भिंती व झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की वाळूचा पुरवठा तुटतो आणि उरलेली जमीन घट्ट होऊन सरड्याला निरुपयोगी ठरते.

== पर्वतीय तरंग आणि भोवरे ==

सिएरा नेवाडाच्या पूर्वेस वाऱ्याचे वेगळे रूप दिसते. येथे ४,४२१ मीटर उंचीच्या व्हिटनी शिखरासारख्या माथ्यांवरून ओवेन्स खोऱ्याचा तळ सुमारे ३,००० मीटर एकदम खाली आहे. वादळापूर्वीचा पश्चिमी वारा हा कडा ओलांडतो तेव्हा पलीकडची हवा वर-खाली हेलकावू लागते. प्रवाहातील मोठ्या खडकापलीकडे पाण्यात लाटा उठतात आणि त्या जागच्या जागी उभ्या राहतात, तसेच हे पर्वतीय तरंग असतात. तरंगांच्या माथ्यावर भिंगाच्या आकाराचे ढग तयार होतात. त्यांतून वारा सतत वाहत असतो, पण ढग हलत नाहीत. खोऱ्यातील रहिवासी त्यांना वाऱ्याची पूर्वसूचना मानतात.

तरंगांच्या खाली, खोऱ्याच्या तळाजवळ, आडव्या अक्षाभोवती फिरणारे प्रचंड भोवरे असतात. १९५१-५२ मध्ये बिशप या गावी तळ ठोकून संशोधकांनी विनाइंजिनाच्या ग्लायडर विमानांतून या तरंगांचा अभ्यास केला. १९५२ च्या मार्च महिन्यात लॅरी एडगर व हॅरोल्ड क्लीफोर्थ यांनी केवळ तरंगाच्या उचलीवर सुमारे १३,४९० मीटरांची उंची गाठली. त्याच एडगर यांचे ग्लायडर १९५५ मध्ये अशा भोवऱ्यात सापडून हवेतच मोडले; हवाई छत्रीमुळे ते बचावले. डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूपेक्षा पाठीमागील बाजू अधिक धोक्याची, हे विमानचालकांना आज प्रशिक्षणातच शिकवले जाते. ते ज्ञान ज्या संशोधनातून आले, त्यात या खोऱ्यातील उड्डाणांचा मोठा वाटा आहे.

== धूळ ==

मोकळी, सुकी वाळू हलण्यास ताशी २०-२५ किलोमीटरांचा वारा पुरतो. तेथून पुढे वाहून नेल्या जाणाऱ्या वाळूचे प्रमाण वेगाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते, हा नियम ब्रिटिश अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात मांडला. वाळूचे कण उड्या मारत जातात व फार उंच जात नाहीत. परंतु प्रत्येक आपटीसरशी ते जमिनीवरील सूक्ष्म धूळ उडवतात, आणि ती धूळ मात्र शेकडो किलोमीटर जाते.

अबाधित वाळवंटाची जमीन तुलनेने कमी धूळ देते. तिच्यावर खड्यांचे अथवा सूक्ष्मजीवांनी बांधलेले पातळ कवच असते. नांगरट, वाहने किंवा पाणी तोडणे यांनी ते मोडले की खरी धूळ सुरू होते. ओवेन्स सरोवर हे याचे ठळक उदाहरण होय. लॉस अँजेलिस शहरासाठी ओवेन्स नदीचे पाणी वळवणारा कालवा १९१३ मध्ये पूर्ण झाला आणि १९२० च्या दशकात २८० चौ. किमी.हून मोठे हे सरोवर आटले. त्याच्या क्षारयुक्त तळावरून प्रत्येक वादळाबरोबर पांढरे लोट उठू लागले, आणि हे ठिकाण सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत अमेरिकेतील सर्वांत मोठे एकस्थानी उगमस्थान ठरले. दीर्घ वादानंतर १९९८ मध्ये शहराने धूळ रोखण्याचे मान्य केले. २००१ पासून तळाच्या काही भागांवर उथळ पाणी सोडणे, क्षार सोसणारे गवत लावणे व खडी पसरणे असे उपाय चालू आहेत. ज्या शहरासाठी पाणी नेले, त्यालाच त्यातील काही आता धूळ बसवण्यासाठी सोडावे लागत आहे.

तेहाचपी पर्वताच्या वायव्येस असलेले सॅन होआकिन खोरे वाळवंट गणले जात नाही, पण त्याचा दक्षिण व पश्चिम भाग तितकाच कोरडा आहे. डिसेंबर १९७७ मध्ये, दोन वर्षांच्या अवर्षणानंतर, तेहाचपीवरून उतरलेल्या वाऱ्याने बेकर्सफील्डजवळची माती उचलून पार सॅक्रामेंटोपर्यंत नेली. या मातीत खोऱ्याचा ताप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुप्फुसविकाराच्या बुरशीचे बीजाणू होते. हा रोग जेथे क्वचितच आढळे, अशा उत्तरेकडील भागांत त्यानंतर त्याचे रुग्ण आढळले. २९ नोव्हेंबर १९९१ रोजी, पुन्हा अवर्षणाच्या काळातच, कोलिंगा गावाजवळ पडीक शेतांवरून उठलेल्या धुळीने आंतरराज्य महामार्ग ५ झाकला गेला. सुट्टीवरून परतणारी शंभराहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि १७ जण मरण पावले.

== सांता आना वाऱ्यांहून वेगळेपण ==

दक्षिण कॅलिफोर्नियातील सांता आना हे वारे अधिक परिचित असल्याने दोहोंची गल्लत होते. सांता आना वारे उलट दिशेने, वाळवंटाकडून समुद्राकडे वाहतात. त्यांचे कारण अंतर्भागातील ग्रेट बेसिन या प्रदेशावर साचलेला अधिक दाब हे असते. उतरताना हवा दाबली जाऊन तापते व अत्यंत कोरडी होते. त्यांचा मुख्य धोका वणव्यांचा, तर पश्चिमेच्या वादळी वाऱ्यांचा मुख्य धोका वाळू, धूळ व वाहतूक यांचा.

तरीही दोन्ही वारे एकाच वादळप्रणालीची पुढची व मागची बाजू असू शकतात. वादळ पूर्वेस सरकल्यावर त्याच्या पाठोपाठ ग्रेट बेसिनवर अधिक दाब तयार होतो आणि दिवस-दोन दिवसांत वारा ईशान्येकडे फिरतो. काही द्रोण्या तर समुद्रावरून न येता सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडून, अंतर्भागातूनच दक्षिणेस उतरतात. त्यांच्यात बाष्प नसल्याने पाऊस जवळजवळ पडतच नाही आणि थेट ईशान्येचा वारा सुटतो. जानेवारी २०२५ मध्ये अशाच प्रकारे दक्षिणेस उतरलेल्या न्यूनदाबाच्या वेळी सॅन गॅब्रिएल रांगेवरून तरंगरूपाने घसरलेल्या वाऱ्यांनी लॉस अँजेलिस परिसरातील पॅलिसेड्स व ईटन हे वणवे भडकवले. त्यांत १६,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या व किमान ३० जणांचा बळी गेला.

== इशारे व खबरदारी ==

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा या वाऱ्यांसाठी दोन पायऱ्यांचे इशारे देते. सर्वसाधारण निकषानुसार सलग वारा ताशी ५० ते ६३ किलोमीटर किंवा झोत ७४ ते ९२ किलोमीटर अपेक्षित असल्यास वाऱ्याची सूचना दिली जाते. सलग वारा ६४ किंवा झोत ९३ किलोमीटरांच्या पुढे जाण्याचा संभव असल्यास तीव्र वाऱ्याचा इशारा दिला जातो. स्थानिक परिस्थितीनुसार हे आकडे काही ठिकाणी बदलतात. सॅन बर्नार्डिनो पर्वत व कोचेला खोरे यांसाठी सॅन डिएगोचे, अँटलोप खोऱ्यासाठी लॉस अँजेलिसचे, तर मोहावेच्या मोठ्या भागासाठी लास व्हेगासचे कार्यालय इशारे देते. त्यामुळे एकाच प्रवासात प्रवाशाला तीन कार्यालयांच्या हद्दी ओलांडाव्या लागू शकतात.

सलग वारा व झोत यांतील भेद महत्त्वाचा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सलग वारा ताशी ४५ किलोमीटरांचा असताना ९० किलोमीटरांचा झोत आला, तर वाहनाच्या बाजूवर एकाएकी चौपट दाब येतो. उंच व रिकाम्या मालमोटारी, प्रवासी निवासगाड्या व मागे जोडलेल्या गाड्या यांना यापासून सर्वाधिक धोका असतो. रिकामी मालमोटार भरलेलीपेक्षा लवकर उलटते, कारण वाऱ्यापुढील तिचा पृष्ठभाग तेवढाच असून वजन मात्र कमी असते. डोंगराच्या आडोशातून वाहन एकदम उघड्यावर येते ती जागा विशेष घातक असते.

धुळीच्या लोटात सापडल्यास वाहन रस्त्यापासून शक्य तितके दूर नेऊन थांबवावे, सर्व दिवे बंद करावेत, हातब्रेक लावावा व पायातील ब्रेकवरून पाय काढावा, असे हवामान सेवा सांगते. दिवे बंद करण्याची सूचना प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटते. परंतु धुळीत काहीच न दिसणारा मागचा चालक पुढील तांबड्या दिव्यालाच रस्ता समजून त्याच्या रोखाने येतो, आणि थांबलेल्या वाहनावर आदळतो.